पेप्टाइड हॉर्मोनवर काम सुरू करताय? आधी डायल्यूशन सांभाळा

जीपीसीआर रिसेप्टर, सीएएमपीचा पेशीतला सिग्नल, इन्सुलिनची ५१ अमिनो आम्लं हे तुम्हाला येतंच. ते उगाळत बसत नाही. नवखा माणूस अडकतो तो सिग्नलिंगच्या आकृतीत नाही, ट्यूबमध्ये. माझे कितीतरी दिवस तिथंच गेले, आणि अजून आठवलं की चिडचिड होते.

पेप्टाइड प्लॅस्टिकला चिकटतं. घट्ट स्टॉकमध्ये हे जाणवत नाही. डोस-रिस्पॉन्ससाठी, म्हणजे कुठल्या डोसला किती परिणाम हे मोजायला, पातळ करत पिकोमोलरपर्यंत उतरलात की मुळात रेणूच थोडे, त्यातले बरेचसे ट्यूबच्या भिंतीवर राहतात. वहीत लिहिलेलं कॉन्सन्ट्रेशन एक, रिसेप्टरला पोचतं ते भलतंच. ईसी५० (निम्मा परिणाम दिसतो ते कॉन्सन्ट्रेशन) सरकतो आणि आपण पेशींना दोष देतो. शिवाय तोललेली पावडर म्हणजे निव्वळ पेप्टाइड नव्हे, तिच्यात पाणी आणि टीएफए (पेप्टाइड शुद्ध करताना वापरलेलं आम्ल) असतं. सर्टिफिकेटवर नेट पेप्टाइड कंटेंट शोधा. शुद्धतेचा आकडा वेगळा.

चिकटण्यावर सगळे एकच सांगतात, ‘बफरमध्ये ०.१ टक्के बीएसए (गायीचं अल्ब्युमिन प्रथिन) घाल.’ नेहमीच्या पेप्टाइडला जरूर घाला. लिराग्लुटाइड किंवा सेमाग्लुटाइड, म्हणजे जीएलपी-१ या आतड्यातल्या हॉर्मोनवर बेतलेलं औषध असेल तर मात्र थांबा! नैसर्गिक जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटं टिकतं, कारण डीपीपी-४ हे एन्झाइम त्याच्या टोकाची दोन अमिनो आम्लं छाटून टाकतं. सेमाग्लुटाइडमध्ये नेमकी ती जागा बदलली आहे आणि अल्ब्युमिनला धरून राहील अशी फॅटी ॲसिडची शेपटी जोडली आहे. म्हणून त्याची हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे आठवडाभराची. आता हेच औषध बीएसएच्या बफरमध्ये टाका. अल्ब्युमिन त्याला पकडून ठेवतं, मोकळं थोडंच उरतं, आणि आलेखात उत्तम औषध दुबळं दिसतं. रुग्णात जो गुण, तोच ॲसेमध्ये, म्हणजे लॅबमधल्या चाचणीत, आडवा येतो. म्हणून अशा पेप्टाइडची एक मालिका अल्ब्युमिनसह आणि एक त्याशिवाय चालवा. दुसरीत चिकटणं टाळायला केसीन (दुधातलं प्रथिन) आणि लो-बाइंड ट्यूब वापरा. दोन ईसी५०मधला फरक ही चूक नाही, माहिती आहे.

वेळेचंही भान ठेवा. जीएनआरएच हे मेंदूतलं हॉर्मोन ठरावीक अंतराने मिळालं तर पिट्युटरी ग्रंथीला चालना देतं. त्याचाच ॲगोनिस्ट (तोच रिसेप्टर चालू करणारा रेणू) ल्युप्रोलाइड सतत दिला की सुरुवातीच्या उसळीनंतर तीच पिट्युटरी गप्प होते. प्रोस्टेट कॅन्सरच्या उपचारात हेच वापरतात. पॅराथायरॉइड हॉर्मोन सतत चढं राहिलं तर हाडं झिजतात, पण त्याचाच तुकडा असलेलं टेरिपॅराटाइड रोज एकदा टोचलं तर हाड बनतं. तेव्हा एकाच टाइम पॉइंटवरून ‘ॲगोनिस्ट चांगला’ म्हणू नका.

माझं ठाम मत: फक्त अंतिम आलेख मागणाऱ्या गाइडपेक्षा कच्चे आकडे पाहणारा सीनियर बरा. तयार किटवर सगळं सोडू नका; त्यातला बफर कशाचा आहे हे विचारायला लाज कसली? पहिले काही आलेख वेडेवाकडे येणारच, त्यावरून स्वतःला नालायक ठरवू नका. पण ओळखीचा ॲगोनिस्ट त्याच प्लेटवर नसेल, तर तो डेटा मला दाखवूही नका.