‘वेव्हर’ला मराठीत काय म्हणतात? आधी सांगा, हललं काय?

2008 च्या जानेवारीत मी एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर प्रशिक्षणार्थी म्हणून लागले. काम ऐकायला सोपं होतं. इंग्रजी कॉपी पुढ्यात येणार, तिचं मराठी करायचं आणि पान लागायच्या आत वरिष्ठांकडे सरकवायचं. दीड महिन्यात अर्थसंकल्प आला. 29 फेब्रुवारीला तेव्हाचे अर्थमंत्री चिदंबरम यांनी शेतकऱ्यांसाठी 60,000 कोटींची कर्जमाफी जाहीर केली आणि पुढचे आठ दिवस आमच्या डेस्कवर दुसरा विषय नव्हता.

त्या धांदलीत माझ्याकडे एक कॉपी आली, कुणीतरी फोनवर ऐकून घाईघाईने टंकलेली. तिच्यात ‘लोन वेव्हर’, म्हणजे कर्जमाफी, असे शब्द होते, पण स्पेलिंगमधला ‘आय’ गाळलेला. मी शहाणपणा करून शब्दकोश उघडला. त्यात दिसलं: डळमळणे, अनिश्चित असणे, कचरणे. लगेच वाक्य ठोकून दिलं, ‘कर्जाच्या प्रश्नावर सरकार द्विधा मनःस्थितीत’.

आमच्या डेस्कवर एक ज्येष्ठ उपसंपादक होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी प्रिंटआउट वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, “अगं, सरकारनं साठ हजार कोटी सोडले, आणि तू त्यांना द्विधा मनःस्थितीत टाकलंस?”

छापायच्या आधी सापडलं म्हणून निभावलं. आता भाषांतराच्या कामात शिरू पाहणारी मुलंमुली भेटली की मी या एका क्रियापदापासून सुरुवात करते. त्यात शिकण्यासारखं बरंच आहे आणि माझी फजितीही त्यातच आहे.

पहिली गाठ उच्चाराची. वेव्हर (waver) म्हणजे डगमगणे आणि वेव्हर (waiver) म्हणजे माफी, हे दोन्ही शब्द कानाला तंतोतंत सारखे. घराणी मात्र वेगळी. डगमगण्याचा वेव्हर जुन्या नॉर्स भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ होता लुकलुकणे, इकडून तिकडे हलणे. माफीचा वेव्हर जुन्या फ्रेंचमधून, सोडून देणे, हक्क टाकणे या अर्थाने इंग्रजी कायद्यात शिरला. त्याचं मूळ क्रियापद ‘वेव्ह’, आणि तेही लाटेच्या वेव्हसारखंच ऐकू येतं. ध्वनिमुद्रण ऐकून भाषांतर करत असाल तर आजूबाजूला पाहायचं. कर्ज, फी, व्हिसा, दंड असं काही शेजारी असेल तर ती माफी. माणूस, पाय, आवाज किंवा निष्ठा असेल तर डगमगणं.

(त्या 2008 च्या योजनेत आणखी एक खुबी होती. दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांना पात्र थकबाकीची पूर्ण माफी होती. त्यापेक्षा जास्त जमीन असणाऱ्यांनी 75 टक्के भरले तर उरलेल्या 25 टक्क्यांची सवलत. इंग्रजी नावात म्हणूनच ‘वेव्हर’ आणि ‘रिलीफ’ असे दोन शब्द होते. मराठीत आम्ही दोन्हीला सर्रास कर्जमाफी म्हणून मोकळे झालो. काकांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.)

खरी अडचण पुढे आहे. शब्द ओळखला तरी त्याचं मराठी काय करायचं? मी नवी असताना वहीत लिहून ठेवलं होतं, वेव्हर म्हणजे डळमळणे. मग जिथे तिथे तेच वापरायला लागले. पुढे एका प्रकाशकाकडून लघुकथांचा अनुवाद मिळाला, तेव्हा पहिल्याच गोष्टीत मी ‘मेणबत्तीची ज्योत डळमळली’ असं लिहिलं आणि तीन पानांनंतर ‘तिचा आवाज डळमळला’. संपादिकेने दोन्ही ठिकाणी फक्त एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी मोठ्याने वाचून पाहिलं. ज्योत डळमळत नाही. डळमळतं ते टेकू दिलेलं, उभारलेलं, रचलेलं काहीतरी: सरकार, सिंहासन, पाया, फार तर श्रद्धा. ज्योत थरथरते. वारा जास्त असेल आणि विझण्याच्या बेताला आली तर फडफडते. तेल संपत आलं तर मिणमिणते, पण मग ती हलतच असेल असं नाही.

त्या रात्री मी वहीची पद्धत बदलली. इंग्रजी शब्द डावीकडे आणि मराठी अर्थ उजवीकडे, हे बंद. डावीकडे लिहायचं हलणाऱ्या गोष्टीचं नाव. आवाज कापतो, घोगरा होतो, भरून येतो. बोलणारा शब्दाशी अडखळत असेल तर तो चाचरतो. हात थरथरतो. पाय लटपटतात. दारू प्यायलेला झोकांड्या खातो. टेबलाचा एक पाय आखूड असला की ते डुगडुगतं. घागरीतलं पाणी हिंदकळतं, होडी हेलकावे खाते, नजर ढळते, भाव वर-खाली होतात. इंग्रजी यातल्या बऱ्याच ठिकाणी एका वेव्हरवर भागवतं. मराठीत क्रियापद ठरतं ते काय हललं यावरून. म्हणून आता कुणी विचारलं की वेव्हरला मराठीत काय म्हणतात, तर मी उलट विचारते, हललं काय?

आपल्याकडे स्थिर मनाची सगळ्यांना ठाऊक असलेली उपमाही हलण्यावरूनच आली आहे, हे मला फार उशिरा लक्षात आलं. गीतेच्या सहाव्या अध्यायातला एकोणिसावा श्लोक: वारा नसलेल्या जागी ठेवलेला दिवा जसा हलत नाही, तसं योग्याचं चित्त. ज्योत आणि मन यांना एकाच क्रियापदात बांधायची सोय इंग्रजीने केली, संस्कृतने उपमेत केली. अनुवाद करताना कधीकधी हाच रस्ता कामी येतो. मूळ लेखकाने वेव्हर हा शब्द मुद्दाम दिवा आणि माणूस दोघांसाठी वापरला असेल, तर ‘थरथरणे’ दोन्हीकडे चालवून घेता येतं. पण असं मुद्दाम केलेलं शंभरात एखादं.

मन हलतं तेव्हा तर मराठीकडे शब्दांची जत्राच आहे, आणि नवे लोक चुकतात ते इथेच. चलबिचल होते ती आत, बाहेर दिसेलच असं नाही. घुटमळतो तो दारापाशी, पाय पुढे टाकत नाही. का-कू करणाऱ्याचं मन बहुतेक वेळा ठरलेलं असतं, त्याला फक्त ‘नाही’ म्हणवत नाही. कच खाणारा ऐन वेळी माघार घेतो. धरसोड हा तर स्वभाव झाला, एका प्रसंगाचं काम नाही. आणि दोन्ही डगरींवर हात ठेवणारा अजिबात डगमगत नसतो, तो हिशेब करून बसलेला असतो. त्याला वेव्हर म्हणणं म्हणजे त्याला निर्दोष ठरवणं. राजकीय बातम्यांत ही चूक मी आजही पाहते. एखादा आमदार दोन पक्षांशी बोलणी करतोय आणि बातमीत त्याची ‘द्विधा मनःस्थिती’. त्याच्यासाठी ‘तळ्यात-मळ्यात’ हे शीर्षक त्यातल्या त्यात बरं, कारण त्या खेळात उडी दिसते. पण लहानपणी तो खेळ खेळलेल्यांना आठवत असेल, उडी आपण ठरवून मारत नाही, ओरडणारा दुसराच असतो. हे त्या शीर्षकाचं काम अधिकच चोख करतं.

‘मन चळलं’ हा शब्द जपून. त्यात मोह आहे. एखादी बाई नोकरी सोडावी की नाही यावर अडली असेल आणि तुम्ही ‘तिचं मन चळलं’ लिहिलंत, तर वाचक भलतीकडेच पोचतो.

वेव्हर नकारात आला की काम हलकं होतं. बातम्यांत आणि भाषणांत मला तो नकारातच जास्त भेटला. डगमगला नाही, तसूभरही ढळला नाही, मागेपुढे पाहिलं नाही, सगळं हाताशी आहे. त्याचंच विशेषण ‘अनवेव्हरिंग’ मात्र सापळा आहे. अनुवाद तपासताना माझ्याकडे महिन्यातून एकदा तरी ‘अटळ निष्ठा’ येते. अहो, अटळ म्हणजे टाळता न येणारं. मृत्यू अटळ, पाणीकपात अटळ. निष्ठा अढळ असते, ध्रुवाच्या पदासारखी. एका अक्षराचा फरक, पण निष्ठा टाळायची फार इच्छा होती असा अर्थ निघतो.

वेव्हरच्या भावंडांबद्दल, म्हणजे जवळच्या अर्थाच्या इंग्रजी शब्दांबद्दल थोडंसं. 2009 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी ओबामांवर टीका केली, अफगाणिस्तानबद्दल व्हाइट हाउसने ‘डिदरिंग’ थांबवावं म्हणून. डेस्कवर आम्ही तिघांनी तीन शब्द सुचवले. मी ‘डगमगणे’, दुसऱ्याने ‘संभ्रम’, आणि काकांनी ‘घोळ घालणे’. अर्थात काकांचा लागला. डिदरमध्ये चिडचिड आहे, बोलणाऱ्याला समोरच्याच्या वेळकाढूपणाचा वैताग आलेला असतो. वेव्हरमध्ये तो वैताग नाही, कधीकधी थोडी सहानुभूतीच असते. फॉल्टरमध्ये जोर ओसरतो. वेव्हर करणारा हलतो पण उभा असतो, फॉल्टर करणारा थांबायच्या बेतात आलेला असतो. व्हॅसिलेट लॅटिनमधून आलेला, सुटाबुटातला शब्द, त्याला ‘दोलायमान’ शोभतो. वॉबल घरगुती. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं तेव्हा ब्रिटनच्या पंतप्रधान थॅचरबाईंनी अमेरिकेच्या थोरल्या बुशना ‘वॉबली’ व्हायची ही वेळ नव्हे असं सांगितलं, हे प्रसिद्ध आहे. त्याचं मराठी मी करेन ‘आता कच खाऊ नका’. ‘डुगडुगू नका’ म्हटलं तर हसू येईल, आणि मूळ इंग्रजीत थोडं हसू आहेही, पण मराठीत ते राष्ट्राध्यक्षापेक्षा स्टुलाला शोभेल.

निर्णय घेताना घोळत राहण्याला इंग्रजीत ‘शिली-शाली’ म्हणतात, त्याचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही. ‘शॅल आय, शॅल आय’, म्हणजे करू का, करू का, यावरून तो शब्द घडला. आपल्या ‘का-कू’चा तो लांबचा भाऊ वाटतो.

आता पोटापाण्याचं. वर्तमानपत्र सोडून मी मुक्त भाषांतरकार झाले तेव्हा पुस्तकांपेक्षा जास्त काम मिळालं ते औषधांच्या चाचण्यांचं. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाची संमती घ्यायचा अर्ज त्याला कळेल अशा भाषेत द्यावा लागतो, त्यामुळे मराठीला मागणी आहे. तिथे दुष्परिणामांच्या यादीत ‘अनस्टेडिनेस’ हटकून भेटतो. मी पहिल्यांदा लिहिलं ‘अस्थिरता’. या कामात मराठी मजकूर दुसऱ्या भाषांतरकाराकडे जातो. त्याने मूळ इंग्रजी पाहिलेलं नसतं, आणि तो मराठीवरून पुन्हा इंग्रजी करतो. माझी ‘अस्थिरता’ परत आली ‘इन्स्टॅबिलिटी’ होऊन. समन्वयक बाईंची टीप शेजारी: “रुग्णाची की देशाची?” 

अपमान गिळला आणि माझ्या आईला विचारलं, गोळी घेतल्यावर तुला काय होतं? ती म्हणाली, “चालताना तोल जातो गं.” तेच लिहिलं, मंजूर झालं. तेव्हापासून चक्कर येणे, गरगरणे, डोकं हलकं वाटणे आणि तोल जाणे या चार गोष्टी मी एकमेकींत मिसळू देत नाही. डॉक्टर या तक्रारी वेगवेगळ्या धरतात, आणि रुग्णाने त्या चुकीच्या सांगितल्या तर नोंदही चुकीची होते.

सॉफ्टवेअरबद्दल एक सावधगिरी. भाषांतराची आजची बरीच साधनं आधीचं काम आठवणीत ठेवतात आणि तसं वाक्य आलं की जुनं मराठी पुढ्यात ठेवतात. कायद्याच्या मजकुरात ते वरदान आहे. पण वेव्हरसारख्या शब्दाला एकदा ‘डळमळणे’ म्हणून शब्दसूचीत टाकलं, की पुढे ज्योत असो वा आवाज, तपासणीत लाल खूण येते: ‘सूचीशी विसंगत’. नवा माणूस ती खूण घालवण्यासाठी बरोबर असलेला शब्द बदलतो. बदलू नका. शेजारी दोन ओळींचं कारण लिहा. मला आजवर अशा कारणावर कुणी हरकत घेतलेली नाही. उलट दोनदा पुढचं काम त्यामुळेच मिळालं. चाचणी म्हणून दिलेल्या तीनशे शब्दांतही हेच पाहतात. तुम्ही कुठे अडलात आणि अडल्यावर काय केलंत, ते.

माझी वही अजून भरतेच आहे. गेल्या उन्हाळ्यात एका कादंबरीत वाक्य आलं, दुपारच्या उन्हात रस्ता वेव्हर होत होता. थरथरत होता म्हणावं तर भूकंप. डळमळत होता म्हणावं तर कंत्राटदार. मृगजळ लिहिलं, पण त्यात पाणी दिसतं, हलणं दिसत नाही. चार दिवस ते वाक्य पिवळं रंगवून ठेवलं होतं. शेवटी अकोल्याच्या मावशीला फोन केला. मे महिन्यातला रस्ता तिच्याइतका कुणी पाहिला असणार? विचारलं, “दुपारी बारा वाजता लांबवर सडक कशी दिसते गं?”

“कशी दिसन? पान्यावानी हालते.”

वहीत ‘रस्ता’ असा नवा मथळा घातला आणि त्याखाली ते उतरवून घेतलं.