ही जमीन कुणाची? ग्राफिक डिझाइनमध्ये प्रतिमा शिकताना

पहिल्याच सेमिस्टरला आम्हाला पाणीटंचाईवर पोस्टर करायला सांगितलं होतं. मी रात्री उशिरापर्यंत बसून तडे गेलेल्या जमिनीचा एक देखणा फोटो शोधला, त्यावर लालसर छटा चढवली आणि खाली ठळक अक्षरांत 'पाणी वाचवा' लिहिलं. सकाळी सगळ्यांची कामं भिंतीवर लागली, तेव्हा आणखी चौघांच्या पोस्टरवर तडे गेलेली जमीनच होती. मॅडम माझ्या पोस्टरपाशी थांबल्या आणि एवढंच म्हणाल्या, "ही जमीन कुणाची आहे?" मला काही सांगता येईना. फोटो कुठला, कधीचा, तिथे आधी काय पिकत होतं, यातलं काहीच मी पाहिलं नव्हतं.

या शिक्षणाला नव्याने येणाऱ्यांना मी हा प्रसंग आवर्जून सांगते. सॉफ्टवेअर काही महिन्यांत हाताला वळतं. पण हीच प्रतिमा इथे का, या प्रश्नाला उभं राहून उत्तर देता येणं, ही पदवीची खरी कमाई आहे आणि तिला वेळ लागतो.

त्याच सुमारास चिन्हशास्त्राचे, म्हणजे चिन्हांतून अर्थ कसा निघतो याचे, तास सुरू झाले. थिअरी म्हणून हे तास बुडवायचा मोह होतो. बुडवू नका. अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स सँडर्स पर्स यांनी चिन्हांचे तीन प्रकार सांगितले. वस्तूसारखं दिसतं ते आयकॉन, वस्तूने मागे ठेवलेला माग म्हणजे इंडेक्स आणि निव्वळ संकेताने ठरलेलं ते सिंबॉल. धूर हा आगीचा इंडेक्स, पाऊलखूण चालून गेलेल्या माणसाचा. मातीतले तडेही मुळात इंडेक्सच, पाणी आटल्याची खूण. पण ती खूण इतक्या वेळा वापरली गेली की तिचा सिंबॉल झाला. बघणारा मनात 'दुष्काळ' म्हणतो आणि पुढे सरकतो. मला पुन्हा एखादी खूण शोधायची होती, जी अजून गुळगुळीत झालेली नाही.

ती सापडली रिकाम्या बादलीत. निळ्या प्लास्टिकच्या आतल्या बाजूला क्षारांच्या पांढऱ्या कड्या बसल्या होत्या, एकीखाली एक. वरची कडी फिकट, खालच्या दाट. पाणी कुठवर होतं आणि कुठवर उतरलं, हे बादलीनेच लिहून ठेवलं होतं. मी पंधरा-वीस मिनिटं नुसती बघत बसले. नंतर वहीत तिची सहा रेखाटनं केली आणि मग फोन हातात घेतला. हा क्रम मी आजही मोडत नाही. चित्र काढताना डोळा जे टिपतो, ते फोटो काढताना निसटतं.

फोटो वर्गात मजकुराविना लावला, तेव्हा एकाने विचारलं, "हे साफसफाईच्या पावडरीचं पोस्टर आहे का?" प्रश्न रास्त होता. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६४ सालच्या एका निबंधात याच अडचणीचा विचार केला आहे. प्रतिमेचे एकाच वेळी अनेक अर्थ निघतात आणि सोबतचे शब्द त्यातल्या एकाशी तिला बांधून ठेवतात. नांगर टाकून नाव थांबवावी तसं. म्हणून ते या कामाला अँकरेज म्हणतात. माझं 'पाणी वाचवा' नांगराचं काम करत नव्हतं, कारण ते कुठल्याही चित्राखाली चाललं असतं. दोन दिवस खोडाखोड केली आणि सर्वांत वरच्या कडीला लागून, बारीक अक्षरांत तीनच शब्द ठेवले: 'पाणी इथपर्यंत असायचं.' आता त्या बादलीत कुणाला पावडर दिसली नाही.

मग तांत्रिक बाजू आडवी आली. पोस्टर ए२ आकाराचं होतं, म्हणजे रुंदी ४२० मिलिमीटर, साधारण साडेसोळा इंच. छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरले तर रुंदीला जवळजवळ ५,००० पिक्सेल लागतात. मी फोटो क्रॉप करत, म्हणजे कडा छाटत छाटत, १,४०० पिक्सेलवर आणला होता, म्हणजे इंचाला जेमतेम ८५. क्रॉप करताना आपण पिक्सेल खर्च करत असतो, हे तेव्हा पक्कं डोक्यात बसलं. फोटो पुन्हा जवळून काढला, यावेळी उजेड बाजूने तिरपा घेऊन, त्यामुळे कड्यांना उठावही आला. बादलीच्या निळ्या रंगानेही असाच धडा दिला. स्क्रीनवर झळाळणारा निळा सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शाईंत, हमखास मलूल होतो. तेव्हा अंतिम फाइल देण्याआधी एक चाचणी प्रिंट काढाच.

जुनी कामं बघताना काय आहे याबरोबर काय काढून टाकलंय हेही विचारा. जर्मन डिझायनर ल्युसियन बर्नहार्ड यांचं प्रीस्टर काडेपेटीचं पोस्टर १९०५च्या सुमाराचं. त्यांनी आधी टेबल, सिगार, धुरातून उमटलेल्या नर्तकी असं बरंच काढलं होतं आणि मग एकेक करून पुसत गेले, असं सांगतात. उरल्या दोन काड्या आणि नाव. दुसरं उदाहरण ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञ ऑटो न्यूराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएन्नामध्ये १९२०च्या दशकात घडवलेल्या चित्रसंख्याशास्त्राचं, म्हणजे आकडे छोट्या चित्रांनी दाखवण्याच्या पद्धतीचं, जी पुढे आयसोटाइप म्हणून ओळखली गेली. त्यांचा नियम असा: प्रमाण वाढलं तर चिन्ह मोठं करायचं नाही, चिन्हांची संख्या वाढवायची. दुप्पट पाणी दाखवायला बादली दुप्पट उंच आणि दुप्पट रुंद केली, तर कागदावर ती चौपट जागा व्यापते आणि वाचक नकळत फसतो. प्रतिमा वापरण्यात प्रामाणिकपणाचा प्रश्न असतो तो असा, मोजपट्टी लावून तपासता येण्यासारखा.

दुसऱ्याचे फोटो घ्यावे लागले तर परवाना नीट वाचा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या वापराच्या परवान्यांमध्ये 'बाय' असेल तर श्रेय द्यायचं, 'एनसी' असेल तर व्यावसायिक वापर नाही. 'एनडी' असेल तर बदललेली आवृत्ती प्रसिद्ध करता येत नाही, म्हणजे कोलाजसाठी ते चित्र बाद. चित्र उतरवून घेतानाच त्याचा पत्ता वहीत टिपा. ज्युरीच्या, म्हणजे कामाच्या परीक्षणाच्या, आदल्या रात्री तो शोधत बसणं फार जिवावर येतं.

आणि पहिल्या आठवड्यापासून करण्यासारखं एक काम आहे. जाड पुठ्ठ्याचे इंग्रजी एल अक्षरासारखे दोन तुकडे कापा. कुठलाही एक छापील फोटो घ्या आणि दोन तुकड्यांची चौकट त्यावर सरकवत बारा वेगवेगळे क्रॉप आखा. खिडकीशी बसलेल्या बाईच्या एका फोटोवर मी हे केलं होतं. पायाशी ठेवलेली बॅग चौकटीत असेपर्यंत ती निघायच्या तयारीत होती. पुठ्ठा बोटभर वर सरकवला, बॅग बाहेर गेली आणि तीच बाई कुणाची तरी वाट बघत बसलेली दिसू लागली. प्रत्येक क्रॉपखाली एक ओळ लिहा, मग त्या ओळींची आपापसांत अदलाबदल करून बघा.