अ‍ॅरिझोनात घड्याळ कुणाचं, ते आधी विचारा

मार्चचा दुसरा रविवार ते नोव्हेंबरचा पहिला रविवार या काळात अ‍ॅरिझोनाच्या ईशान्य भागात फिरणार असाल, तर कुठलंही बुकिंग करताना ‘वेळ कुठली?’ हे विचारून घ्याच. 1968 पासून अ‍ॅरिझोना बाकी बहुतेक अमेरिकेसारखं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करत नाही. नवाहो नेशन, म्हणजे नवाहो या मूळ अमेरिकन जमातीचा स्वशासित प्रदेश, मात्र करतं, कारण त्यांची भूमी यूटा आणि न्यू मेक्सिकोतही पसरलेली आहे आणि सगळ्यांचा कारभार एकाच वेळेवर चालायला हवा. आणि नवाहो भूमीने वेढलेले होपी या दुसऱ्या मूळ अमेरिकन जमातीचे लोक पुन्हा अ‍ॅरिझोनाचीच वेळ पाळतात! नवाहोंच्या ट्यूबा सिटीत दहा वाजलेले असतात, तेव्हा हायवेपलीकडच्या होपींच्या मोएनकोपी गावात नऊच.

मोबाइलवर विसंबू नका. तो शेजारच्या टॉवरची वेळ पकडतो आणि तासाभराने चुकतो. आपोआप वेळ बदलण्याची सेटिंग बंद करून फिनिक्सची, म्हणजे राज्याच्या राजधानीची वेळ लावून ठेवा, किंवा सरळ हातात साधं घड्याळ घाला. मॉन्युमेंट व्हॅलीत नवाहो वेळ चालते. अँटिलोप कॅन्यन नवाहो भूमीवर असूनही तिथल्या सहली बहुधा पेज शहराच्या, म्हणजे अ‍ॅरिझोनाच्या वेळेने निघतात. तिकिटावरची तळटीप वाचाच.