संगमरवर की क्वार्टझाइट? ओट्याचा दगड घेताना या चुका टाळा

पुणं वसलंय बेसाल्टवर. पाताळेश्वराचं लेणं त्याच काळ्या दगडात कोरलेलं आहे. संगमरवर आणि क्वार्टझाइट हे दोन्ही रूपांतरित खडक आपल्याकडे बाहेरूनच येतात, तेही कापून, पॉलिश करून. पांढऱ्यावर करड्या रेघांची दोन्ही फरशी शेजारी ठेवली तर भलेभले चुकतात. त्यामुळे रंग बघून दगड ठरवू नका.

जमिनीखालच्या दाबाने आणि उष्णतेने चुनखडीचा संगमरवर होतो, वालुकाश्माचा क्वार्टझाइट. संगमरवरात कॅल्साइट हे खनिज असतं, मोह्स मापनावर (1 सगळ्यात मऊ, 10 सगळ्यात कठीण) काठिण्य 3. क्वार्टझाइट म्हणजे जवळजवळ सगळी गारगोटी, काठिण्य 7. ‘सॉफ्ट क्वार्टझाइट’ म्हणून विकला जाणारा माल बऱ्याचदा डोलोमाइटी (डोलोमाइट खनिजाचा) संगमरवर निघतो. म्हणून तुकडा मागून घ्या आणि त्याची धार काचेवर दाबून ओढा. खरा क्वार्टझाइट काचेवर ओरखडा काढतो, संगमरवर काढत नाही. तुकड्यावर लिंबू पिळून पाच-दहा मिनिटं ठेवा: चमक गेली तर तो दगड ओट्यासाठी घेऊ नका.

संगमरवरावर आंबट सांडलं की काय होतं, सगळ्यात जास्त तक्रारी इथेच येतात. सोलकढीचं कोकम, चिंच, दही, टोमॅटो, सगळं आंबट. आम्ल कॅल्साइटला खातं आणि पॉलिशवर पांढुरका, खरबरीत ठसा उरतो. लोक त्याला डाग समजून घासत बसतात, काही जण व्हिनेगर ओततात, म्हणजे ठसा आणखी वाढतो. तो डाग नव्हेच, तिथला पृष्ठभागच झिजलेला असतो. लहान ठसा मार्बल पॉलिशिंग पावडरने जातो, मोठ्यासाठी मशीन पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. सीलर (दगडाची बारीक छिद्रं बुजवणारं द्रव) लावला तरी आम्ल थांबत नाही. त्याने फक्त हळद-तेल मुरायला वेळ लागतो. अ‍ॅसिडवालं टॉयलेट क्लीनर तर संगमरवराच्या जवळपासही आणू नका.

क्वार्टझाइट आणि ‘क्वार्ट्झ’ यांतही गल्लत होते. क्वार्ट्झचा स्लॅब कारखान्यात रेझिन घालून बनतो, त्यावर गरम कढई टेकवली तर रेझिन करपतं. क्वार्टझाइट उष्णता सोसतो, पण त्यालाही सीलर लागतोच. पाण्याचा थेंब टाकून बघा, दगड तिथे गडद झाला की पुन्हा सील करायची वेळ झाली.

माझं मत सरळ आहे: ओट्याला क्वार्टझाइट, देवघराला आणि खिडकीच्या कट्ट्याला संगमरवर. राजस्थानातल्या मकराण्याच्या पांढऱ्या संगमरवराची मऊ झळाळी क्वार्टझाइटला येत नाही. मात्र क्वार्टझाइट कापायला अवघड असतो, मजुरीही जास्त पडते. सिंक आणि शेगडीचं माप पक्कं झाल्याशिवाय स्लॅबला कटर लावू देऊ नका.