सावरडो स्टार्टर: चौथ्या दिवशी फेकू नका
सावरडो म्हणजे नैसर्गिकरीत्या आंबवलेल्या पिठाचा पाव, आणि स्टार्टर म्हणजे त्याचं विरजण. काचेच्या बरणीत ५० ग्रॅम कोंड्यासकट गव्हाचं पीठ नि ५० ग्रॅम पाणी कालवा. झाकण सैलच ठेवा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भसाभस बुडबुडे येतात, मग सगळं थंडावतं. माझा पहिला स्टार्टर मी इथेच ‘मेला’ म्हणून ओतून दिला! ती उसळी भलत्याच जिवाणूंची असते. आंबटपणा वाढला की ते हटतात आणि यीस्टला वाव मिळतो. म्हणून रोज ५० ग्रॅम ठेवून बाकीचं काढा, तितकंच पीठ, तितकंच पाणी घाला. बरणीला मिश्रणाच्या पातळीवर रबरबँड लावला की वाढ कळते. रोज काही तासांत दुप्पट व्हायला लागला की झाला तयार. बहुधा ७ ते १४ दिवस. मग फ्रीजमध्ये, आठवड्याला एकदा पीठ-पाण्याचा खाऊ द्या. वर करडं पाणी साचलं तर तो नुसता भुकेला आहे. गुलाबी-नारिंगी छटा किंवा बुरशी दिसली, तर मात्र सरळ फेका.