आपला खासदार लोकसभेत नक्की काय करतो, हे कसं बघायचं

अधिवेशन सुरू झालं की आमच्या ऐरोलीच्या सोसायटी ग्रुपवर चाळीस सेकंदांची क्लिप पडतेच, "साहेबांनी संसद गाजवली", त्याखाली लगेच दुसऱ्याचं "काही कामाचा नाही हा माणूस", मग दोन दिवस नुसती जुंपते, आणि क्लिपच्या पलीकडे कोणीच काही बघितलेलं नसतं.

आधी आपला खासदार कोण ते पक्कं करा. ऐरोली, बेलापूर ठाणे लोकसभेत येतात, पण कळवा-मुंब्रा ठाणे शहरात असूनही कल्याणमध्ये, आणि खारघरवाले मावळमध्ये! आमच्या ग्रुपवर निम्मी भांडणं चुकीच्या खासदारावरून होतात.

मग संसद डॉट इन उघडा, लोकसभा निवडा, सदस्यांच्या यादीत नाव शोधा. त्याने विचारलेले प्रश्न, केलेली भाषणं, मांडलेली खाजगी विधेयकं (म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेले कायद्याचे मसुदे) सगळं मिळतं. साइट कधीकधी रडत चालते, लॅपटॉपवर बघितलेलं बरं.

खरा माल प्रश्नांमध्ये असतो. तारांकित प्रश्नाला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो, वर पूरक प्रश्न विचारता येतात, पण असे दिवसाला फक्त 20 असतात आणि नंबर लॉटरीने लागतो, म्हणून तारांकित कमी दिसले तर लगेच शिव्या घालू नका. बाकीच्यांना, दिवसाला 230 पर्यंत, लेखी उत्तर मिळतं. ती पीडीएफ उघडाच. वर खासदाराने अ, ब, क, ड करून खोदून विचारलेलं असतं आणि खाली मंत्रालय "अ ते ड" असं एकत्र करून एका परिच्छेदात गुंडाळतं, बरेचदा विचारलेला आकडा त्यात नसतोच. अशा वेळी खासदार पुढच्या अधिवेशनात तोच विषय परत काढतो का ते बघा, मी तरी माणूस त्यावरून जोखतो.

हजेरीची टक्केवारी हवी तर संसदेच्या कामाचा हिशोब ठेवणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या साइटवर मिळते, राज्याच्या सरासरीसकट. पण ती नुसती हजेरी लावल्याची नोंद, हजेरी लावून माणूस किती वेळ बसला ते त्यात कळत नाही. आणि मंत्री झालेला खासदार हजेरी लावत नाही, प्रश्नही विचारत नाही, त्याचा आकडा शोधत बसू नका.

भाषण पूर्ण ऐकायचं असेल तर संसद टीव्हीच्या यूट्यूबवर त्या दिवसाचं कामकाज लावा. 11 ते 12 प्रश्नोत्तरं, त्यानंतर शून्य प्रहर, बहुतेक क्लिपा तिथल्याच, दोन-तीन मिनिटांत विषय मांडला की झालं, मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायलाच हवं असं काही नाही.

उत्तरात "विचाराधीन आहे" दिसलं की तारीख लिहून ठेवा. ते सरकारी आश्वासन धरलं जातं, साधारण तीन महिन्यांत पुरं करायचं असतं आणि त्यावर लोकसभेची वेगळी समिती नजर ठेवते. तीन महिने उलटले की तो स्क्रीनशॉट घेऊन खासदाराच्या ऑफिसात जायचं, क्लिप घेऊन नाही.