दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला पहिल्यांदा जाताना

आधी जिवाशी संबंधित गोष्ट. रोज भरपूर पिणाऱ्याने, विशेषतः सकाळी हात थरथरतात म्हणून घोट घ्यावा लागणाऱ्याने, घरच्या घरी एका झटक्यात दारू बंद करू नये. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट आली तर ती बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दोन ते चार दिवसांनी काहींना भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात, ताप चढतो. ही अवस्था जीवघेणी ठरू शकते. यावर औषधं आहेत, म्हणून आधी डॉक्टरांना भेटा. पूर्वी कधी फिट आली असेल तर हे टाळूच नका. आणि मीटिंगमध्ये कुणी डॉक्टरांच्या गोळ्या बंद करायला सांगितलं, तर तेवढं ऐकू नका.

आता गट कसा शोधायचा. सगळ्यात जास्त पसरलेली संस्था म्हणजे १९३५ साली सुरू झालेली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए. तिच्या संकेतस्थळावर आणि हेल्पलाइनवर जवळच्या मीटिंगचा वार, वेळ, पत्ता मिळतो. यादीत 'खुली' आणि 'बंद' असे शब्द दिसतील. खुल्या मीटिंगला नातेवाईकही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त दारू सोडू इच्छिणाऱ्यांची. तुम्हाला दोन्ही चालतात. एएत देवाचा उल्लेख येतो; तो नकोच असेल तर १९९४ पासून चालणारी स्मार्ट रिकव्हरी आहे. तिथे विचार आणि सवयी बदलण्याची तंत्रं शिकवतात, ऑनलाइन मीटिंगही असतात. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन वेगळी आहे. तीही सुचवा, कारण दारूने घरातलं प्रत्येक माणूस थकलेलं असतं.

याद्या जुन्या होतात. गट जागा बदलतो, वार बदलतो, आणि कुलूप लावलेल्या दारापर्यंत जाऊन आलेला माणूस सहसा पुन्हा निघत नाही. म्हणून आदल्या दिवशी फोन करून खात्री करा. "मला दारू सोडायची आहे, उद्याच्या मीटिंगला यायचंय, पहिलीच वेळ आहे," एवढं बोललात तरी पुरे. आडनाव सांगायची गरज नाही.

पंधरा मिनिटं आधी पोचा. उशिरा पोचलं की आतून आवाज ऐकू येतो, सगळे बसलेले दिसतात आणि पाय दारातूनच माघारी वळतात. लवकर गेलात तर आत एखादा माणूस खुर्च्या मांडत असतो. त्याला "पहिल्यांदाच आलोय" म्हणा आणि दोन खुर्च्या उचलू लागा. हातांना काम मिळालं की धडधड कमी होते.

मीटिंग साधारण तास-दीड तासाची. सुरुवातीला काही वाचन, मग एकेक जण शेअर करतो. मध्ये कुणी बोलत नाही, सल्ला देत नाही. तुमच्यावर वेळ आली तर "आज फक्त ऐकतो" म्हटलं की चालतं. 'मी अल्कोहोलिक आहे' असं म्हणायची सक्ती नाही. फी नसते. शेवटी पिशवी किंवा डबा फिरतो, पण नव्या माणसाने त्यात काही टाकायची गरज नाही. तिथे ऐकलेलं आणि पाहिलेलं तिथेच ठेवायचं. त्या दिवशी प्यायला असाल तरी जा, फक्त बोलू नका आणि गाडी चालवू नका.

ऐकताना मनात हमखास येतं, 'मी काही इतका खाली गेलेलो नाही.' ही तुलना घातक आहे. नोकरी कुणाची गेली, कुणाची नाही, हे मोजू नका. बाटली लपवणं, खोटं बोलणं, सकाळची शरम यातलं आपलं काय आहे ते शोधा. 'ईश्वर' हा शब्द खटकला तर लक्षात ठेवा, एएच्या बारा पायऱ्यांत, म्हणजे दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या टप्प्यांतही, तो 'आपल्याला जसा समजेल तसा' असा म्हटलेला आहे. आणि एका मीटिंगवरून ठरवू नका. निदान तीन वेगळे गट, एकूण सहा मीटिंग बघा. गटागटाचा स्वभाव खूप वेगळा असतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे संपल्या संपल्या निघून जाणं. खरी ओळख होते ती नंतरच्या दहा मिनिटांत. दोन-तीन जणांचे नंबर घ्या आणि दुसऱ्याच दिवशी, काही अडलेलं नसताना, एक फोन करा. तलफ आलेल्या रात्री अनोळखी माणसाला फोन लावायला कुणाचाही हात धजत नाही; आधी एकदा बोललेलं असलं की लागतो. स्पॉन्सर, म्हणजे या वाटेवर आपल्याला सोबत करणारा जुना सदस्य, निवडायची घाई नको. निदान वर्षभर सोबर असलेला, शक्यतो आपल्याच लिंगाचा माणूस बघा. नव्या माणसाकडे उसने पैसे मागणारा किंवा जवळीक साधू पाहणारा कुणी भेटलाच, तर जुन्या सदस्याला सांगा आणि गट बदला, पण मीटिंग सोडू नका.

पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंग, असं एएमध्ये सुचवतात. जमत नसेल तर आठवड्याला तीन ठरवा आणि त्या कोणत्या, हे रविवारीच लिहून ठेवा. स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा प्यायलात, तर लगेच पुढच्या मीटिंगला जाऊन ते सांगून टाका. लपवलेली स्लिप लांबते. सलग काही दिवस प्यायलात तर मात्र आधी पुन्हा डॉक्टर, कारण थरथर आणि फिटचा धोका तेव्हाही तसाच असतो.